प्रक्रिया न केलेला हिरवा नीलम कसा निवडावा

हिरव्या नीलमाचा हिरवा रंग पुष्कळदा एकजिनसी नसतो. दहापट भिंगाखाली खडा हळूहळू फिरवत पाहिला, तर अनेकदा त्यात निळे आणि पिवळे पट्टे एकाआड एक बसलेले दिसतात आणि दुरून तेच मिसळून हिरवे भासतात. नीलम आणि माणिक ही दोन्ही कुरुविंद या एकाच खनिजाची, म्हणजे स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइडची, रूपे आहेत. त्यात शिरलेले लोह पिवळी छटा देते, लोह आणि टायटॅनियम यांची जोडी निळी छटा देते आणि या दोहोंच्या प्रमाणावर खड्याचा हिरवेपणा ठरतो. पाचूचा रंग क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे येतो. म्हणून पाचूसारखा गर्द, ओला हिरवा रंग मनात धरून नीलम शोधणाऱ्याची बहुतेक वेळा निराशाच होते. नीलमाचा हिरवा शेवाळी, मेंदीसारखा, पोपटीकडे झुकणारा किंवा मोरपंखी असतो आणि त्याला त्याच्याच मापाने जोखले पाहिजे.

रंग पाहताना घाई करू नये. नीलम द्विवर्णी आहे, म्हणजे एका दिशेने तो निळसर हिरवा दिसतो आणि दुसऱ्या दिशेने पिवळसर हिरवा. पैलू पाडणाऱ्याने वरचा सपाट पैलू कोणत्या दिशेला ठेवला, यावर समोरून कोणता रंग दिसणार हे अवलंबून असते. दुकानातील प्रखर झोताखाली जवळजवळ प्रत्येक खडा चमकतो, त्यामुळे तेथील देखाव्यावर निर्णय घेऊ नये. खिडकीजवळच्या, थेट ऊन नसलेल्या उजेडात, मग पिवळसर दिव्याखाली आणि शेवटी तळहाताच्या सावलीत, अशा तीन ठिकाणी तो हातभर अंतरावरून पाहावा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड व न्यू साउथ वेल्स आणि थायलंडमधील चंथाबुरी येथील नीलम बेसाल्ट खडकाशी निगडित असून त्यांत लोह भरपूर असते. त्यांतले काही हिरवे खडे दिवसा देखणे दिसतात आणि संध्याकाळी जवळजवळ काळे पडतात. माझ्या मते सावलीतही हिरवा राहणारा थोडा फिकट खडा हा दुपारच्या उजेडातच खुलणाऱ्या गर्द खड्यापेक्षा केव्हाही अधिक समाधान देतो, कारण दागिना बहुतेक वेळ घरातल्या दिव्यांखालीच वापरला जातो. अमेरिकेतील मोंटाना राज्य आणि मादागास्कर येथूनही फिकट ते मध्यम छटेचे सुंदर हिरवे आणि मोरपंखी खडे येतात. मात्र मोंटानाच्या रॉक क्रीक भागातील फिकट खडे मोठ्या प्रमाणावर तापवले जातात, हे ध्यानात ठेवावे.

पैलूंची पारख करण्याचा एक सोपा उपाय आहे. खडा छापील मजकुरावर पालथा न घालता सपाट बाजू वर ठेवून धरावा. मधोमध अक्षरे वाचता आली, तर तळ फार उथळ कापलेला आहे आणि प्रकाश परत फिरण्याऐवजी खालून निसटून जातो. उलट, वजन राखण्यासाठी तळाशी पोट सोडलेले खडेही पुष्कळ असतात. त्यांचे पैसे कॅरेटवर मोजले जातात, पण ते वजन कोंदणात दडून राहते. नीलमाची घनता सुमारे ४.०० आहे आणि हिऱ्याची ३.५२, त्यामुळे एक कॅरेटचा गोल नीलम साधारण ६ मिलिमीटर भरतो, तर तेवढाच हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर. म्हणून कॅरेटबरोबर मिलिमीटरमधील माप नेहमी विचारावे.

आता मुख्य प्रश्न प्रक्रियेचा. येथे ‘नैसर्गिक’ आणि ‘प्रक्रिया न केलेला’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे आधी समजून घ्यावे. जमिनीतून निघालेला आणि नंतर भट्टीत तापवलेला नीलमही नैसर्गिकच म्हटला जातो. रंग आणि स्वच्छता सुधारण्यासाठी नीलम तापवण्याची पद्धत व्यापारात सर्वमान्य आहे आणि ती सांगून केली तर त्यात फसवणूक नाही. निळा किंवा पिवळा रंग मिळवणे हा भट्टीचा नेहमीचा हेतू असल्याने हिरवे खडे तुलनेने अधिक वेळा न तापवताच विकले जातात. परंतु ही केवळ शक्यता आहे, पुरावा नव्हे. २००१-०२ च्या सुमारास बेरिलियम हे अतिशय हलके मूलद्रव्य प्रचंड उष्णतेत खड्यात मुरवण्याची पद्धत बाजारात उघडकीस आली. तिने पिवळी छटा वाढते आणि निळसर खडाही हिरवा होऊ शकतो.

भिंग येथे काही प्रमाणात मदत करते. खड्यात रुटाइल या टायटॅनियमयुक्त खनिजाच्या बारीक, अखंड सुया ६० अंशांच्या कोनात एकमेकींना छेदत असतील, तर तो फार तापलेला नसल्याची ती चांगली खूण आहे. जोरदार भट्टीत या सुया विरघळून ठिपक्यांच्या तुटक रांगा उरतात आणि आतल्या स्फटिकांभोवती चकतीसारख्या भेगा पडतात. रंगाचे सरळ, कोनात मिळणारे पट्टे नैसर्गिक वाढ दाखवतात. वक्र रेषा आणि वायूचे गोल बुडबुडे दिसले, तर ज्वालेत वितळवून बनवलेल्या कृत्रिम नीलमाचा संशय घ्यावा. पण कमी तापमानाला दिलेली उष्णता भिंगाने ओळखता येत नाही आणि बेरिलियम तर क्ष-किरणांच्या नेहमीच्या रासायनिक तपासणीतूनही सुटते. त्यासाठी लेझरने सूक्ष्म कण उडवून त्यांचे विश्लेषण करणारी उपकरणे लागतात. म्हणूनच महत्त्वाच्या खड्यासाठी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या, नामांकित प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. ‘तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत’ या आशयाचे वाक्य त्यात स्पष्ट असावे, नुसते ‘नैसर्गिक नीलम’ पुरेसे नाही. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर पडताळावा आणि खडा सुटा असतानाच त्याचे वजन व मापे अहवालाशी जुळवावीत, कारण कोंदणात बसल्यावर वजन करता येत नाही.

आतल्या सुया किंवा बारीक स्फटिक यांना दोष मानू नये. पृष्ठभागापर्यंत आलेली भेग मात्र टाळावी, कारण तिच्यात तेल किंवा इतर द्रव्य भरलेले असू शकते आणि धक्क्याने ती वाढू शकते.

कोंदण ठरवताना धातूचा रंग खड्यावर उतरतो, हे लक्षात घ्यावे. पिवळे सोने मेंदीच्या छटेला उठाव देते, तर मोरपंखी खडा प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात अधिक निळसर दिसतो. खनिजांची कठीणता १ ते १० अशी मोजणाऱ्या मोहस मापावर नीलमाची कठीणता ९ असल्याने तो रोजच्या अंगठीतही टिकतो. स्वच्छतेला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. धोका असतो तो दुरुस्तीच्या वेळी. डाखकामातील टाकणखार किंवा बोरिक आम्ल तापलेल्या नीलमाचा पृष्ठभाग खाते आणि एकाएकी मिळालेल्या आचेने आतल्या भेगा पसरतात, म्हणून अंगठीचे माप बदलताना खडा आधी कोंदणातून काढून घ्यावा, असे सोनाराला लेखी सांगावे.