नोटेशनला पियानो जोडताना
मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि बरीच वर्षं हार्मोनियमची साथ करते. २०२१ साली एका समूहगान मंडळाने त्यांच्या चार गाण्यांसाठी पियानोचे भाग लिहून मागितले. माझी सवय भातखंडे पद्धतीची, म्हणजे सा-रे-ग-म अक्षरांत लिहायची. पण पियानो वाजवणाऱ्याला स्टाफ नोटेशनच, म्हणजे पाच रेषांवरचं पाश्चात्त्य लेखनच लागतं, म्हणून ते लिहायचं आणि वाजवून ऐकवायचं म्युझस्कोर हे सॉफ्टवेअर शिकले. ते फुकट मिळतं आणि शिकायला अवघड नाही. पहिलं गाणं लिहून झाल्यावर आमच्या बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "सूर कळतायत गं, पण गाणं कळत नाहीये." सगळे स्वर एकाच वजनाने, ठोकळ्यासारखे वाजत होते. मग बाहेरचा चांगला पियानो, म्हणजे पियानोचा आवाज देणारं वेगळं सॉफ्टवेअर, या नोटेशनला जोडायच्या मागे लागले आणि त्यात माझे आठ-दहा दिवस गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. नोटेशनचं पान आवाज पाठवत नाही, फक्त निरोप पाठवतं. कुठला स्वर, किती जोरात, कधी दाबला, कधी सोडला, एवढंच त्या निरोपात असतं. याच भाषेला मिडी म्हणतात आणि ती १९८३ पासून चालत आलीय. स्वरांना ० ते १२७ असे आकडे असतात. मधला सी म्हणजे ६०, म्हणजे आपली मधल्या सप्तकातली पांढरी एक. काळी एक ६१, काळी चार ६८. हे आकडे लक्षात ठेवाच, कारण मधल्या सीला कुणी सी-तीन म्हणतं, कुणी सी-चार. नावावर विसंबलात तर गाणं अख्खं सप्तक वर किंवा खाली जातं.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर म्युझस्कोरची तिसरी आवृत्ती होती. तिच्यात प्लगइन, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत बसणारं असं वाद्य, थेट बसत नाही. पियानो वेगळा उघडायचा आणि दोघांच्या मध्ये एक आभासी मिडी वायर टाकायची. विंडोजवर त्यासाठी लूपमिडी नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे. मॅकमध्ये आयएसी ड्रायव्हर आधीपासूनच असतो, फक्त चालू करावा लागतो. म्युझस्कोरच्या मिडी आउटपुटमध्ये आणि पियानोच्या मिडी इनपुटमध्ये वायरचं एकच नाव निवडायचं. म्युझस्कोरच्या इनपुटला मात्र तीच वायर देऊ नका, नाहीतर निरोप गोल गोल फिरत राहतो.

एवढं करूनही पहिल्या रात्री काहीच वाजलं नाही. पियानोच्या खिडकीत पट्ट्या आपोआप खाली-वर होत होत्या, अगदी माझ्याच गाण्याच्या चालीत, पण खोलीत शांतता. तासभर मी वायरच तपासत बसले. खरं तर पट्ट्या हलत होत्या म्हणजे वायर ठीकच होती. पियानोचा आवाज बाहेरच्या मॉनिटरकडे जात होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाही. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी माउसने पियानोची पट्टी दाबायची. आवाज आला तर ऑडिओ बरोबर. मग नोटेशन चालू करून पट्ट्या हलतात का बघायचं. हलत नसतील तर दोष वायरीत किंवा चॅनेलमध्ये. चॅनेल म्हणजे मिडीचे निरोप जायच्या वेगवेगळ्या वाटा, त्या एकूण १६ असतात, म्हणून सुरुवातीला पियानोला सगळ्या चॅनेलवर ऐकायला लावा. आणि दोन पियानो एकदम वाजल्यासारखे वाटले, तर म्युझस्कोरचा आतला आवाज मिक्सरमध्ये बंद करायचा राहिलाय.

चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि हा वायरीचा खटाटोप संपला. मिक्सर उघडायचा, वाद्याच्या आवाजाच्या जागी प्लगइन निवडायचं, झालं. अट एकच, प्लगइन व्हीएसटी-तीन प्रकारचं हवं. मी जुनी डॉट डीएलएल फाइल टाकून यादीत शोधत बसले होते. ती तिथे दिसणारच नाही.

पियानो कुठला घ्यायचा? सुरुवातीला पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. सॅलमँडर ग्रँड पियानो मोफत आहे. यामाहा सी-पाच या खऱ्या पियानोवरून तो ध्वनिमुद्रित केलाय आणि प्रत्येक मुद्रित स्वराच्या हळू ते जोरात अशा १६ पातळ्या आहेत. शिकायला तो पुरून उरतो.

या पातळ्यांचा उपयोग मात्र तुमच्या लिहिण्यावर आहे. जोराचा आकडाही १२७ पर्यंत जातो. म्युझस्कोरच्या तिसऱ्या आवृत्तीत पी (हळू) ही खूण लिहिली की ४९ जातो, एमएफला (मध्यम जोर) ८०, एफला (जोरात) ९६. मी पहिल्या गाण्यात एकही खूण लिहिली नव्हती, म्हणून सगळं ८० ने वाजत होतं. हार्मोनियमवर आपण भात्याने जे करतो ते इथे लिहावं लागतं. स्वर लांबवणाऱ्या पेडलचंही तसंच. खूण दिली नाही तर स्वर कोरडे तुटतात, आणि एकच लांब पेडल दिला तर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलल्यावर सगळा गदारोळ होतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, लिहायच्या मागे लागू नका. पियानोवर ती नाहीच, आणि मिडीतला पिच बेंड त्या चॅनेलवरचे सगळे स्वर एकदम ओढतो. कण स्वर, म्हणजे मुख्य स्वराआधी निसटता लागणारे स्वर, मात्र छान वाजतात.

मिडी कीबोर्ड जोडून स्वर भरणार असाल तर पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर सांभाळा. तो बफरवर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून मग वाजवतो त्यावर ठरतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे नमुने) १०२४ चा बफर म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद, आणि बोटांना तो जाणवतो. २५६ ठेवला की ६ च्या आत येतो. आवाज तडतडायला लागला तर पुन्हा वाढवायचा.

आता कामाचं. पहिल्यांदा मी नुसती म्युझस्कोरची फाइल वाशीच्या रेकॉर्डिस्टला पाठवली. त्यांच्याकडे माझा पियानो नव्हता, त्यामुळे तिकडे तोच ठोकळा वाजला. "ताई, वेव्ह आणि मिडी दोन्ही पाठवत जा," असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून वादकाला पीडीएफ, स्टुडिओला वेव्ह (प्रत्यक्ष आवाजाची फाइल) आणि मिडी, दुसरं नोटेशनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला म्युझिकएक्सएमएल ही फाइल, अशी वाटणी करते.

नवा पियानो जोडल्यावर तेच गाणं बाईंना पुन्हा ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग कागदावरच्या दुसऱ्या अंतऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे अजून हळू." मी त्या पीचा ४९ चा आकडा ४० केला.