रिजेक्शनची बातमी उशिरा कळते? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी सुपरवायझर होतो. ऐन पावसाळ्यात वाळू ओली येत होती. मोल्डिंगवरच्या, म्हणजे वाळूचे साचे बनवणाऱ्या पोराला पहिल्या तासातच ते हाताला कळलं, पण तो बोलला नाही. आदल्याच आठवड्यात कोअर (साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) फुटल्याचं सांगायला आलेल्याला मी सगळ्या शिफ्टसमोर झापलं होतं ना! ओल्या वाळूमुळे ओतलेल्या भागात ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं पडतात, आणि कातडीखालची वरून दिसत नाहीत. मशीन शॉपमध्ये कास्टिंगची कातडी निघाली, तोवर दोन दिवसांचा माल भंगारात.

वाईट बातमी आणणाऱ्यावर भडकणं, ही सगळ्यात महागडी चूक. ‘कोणी केलं?’ ऐवजी ‘कधीपासून होतंय?’ विचारा. एवढ्यानंही माणूस पुढच्या वेळी लवकर येतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांत उलटंच चित्र दिसलं होतं: चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या! तिथं चुका लपवल्या जात नव्हत्या, एवढाच अर्थ. म्हणून रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा रजिस्टर फारच स्वच्छ दिसला की मला आता धास्तीच वाटते.

दुसरी चूक पैशाची. ओटी (ओव्हरटाइम) कायद्यानं दुप्पट दरानं द्यायची असते. ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे उत्तर नव्हे. पगाराला उशीर होणार असेल तर तारीख आधी सांगा, आणि ती पाळा.

आपल्या भागातली खास चूक भाषेची. फ्लोअरवर निम्मी माणसं कन्नड बोलणारी, आणि आपण मराठीत सूचना देऊन मोकळे. समोरून ‘हौद्री’ (‘होय जी’) आलं म्हणजे कळलं असं नाही, ते नुसतं मान राखणं असतं. सूचना त्याच्याकडून त्याच्या भाषेत परत म्हणवून घ्या. आणि आपल्या माणसाशी मराठीत हळूच केलेला विनोद? तो त्यांना बरोबर कळतो. रजेचंही तसंच. शिवजयंतीच्या चित्ररथाला सुट्टी सहज मिळते, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला मात्र दहा प्रश्न.

विश्वास आधीच तुटलाय? मग मीटिंग, भाषण, बॅनर नको. लोकांची एकच जुनी तक्रार उचला. आमच्याकडे फेटलिंगमधला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथला बंद पंखा होता. ‘शनिवारपर्यंत’ म्हणालो, शुक्रवारी बसवला. सोमवारी तोच पोरगा स्वतःहून आला, मुठीत वाळू घेऊन.