नववीतल्या पोरीला ब्लूटूथ स्पीकर घ्यायचाय? असा निवडा

कोल्हापुरात आवाज म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतली डॉल्बीची भिंत आठवते. त्यामुळं इथली पोरं दुकानात स्पीकर बघायला गेली की पहिला प्रश्न एकच, ‘वाजतोय किती?’ माझी भाची नववीत आहे. वाढदिवसाला स्पीकर हवा म्हणाली, तेव्हा तिनंही तेच विचारलं. मी तरी कुठं शहाणा? दोन वर्षांपूर्वी मुलाला खोक्यावरचा वॅटचा आकडा बघून स्पीकर आणला. आठ महिन्यांत त्याची चार्जिंगची पिन हलायला लागली, आणि आता तो माळ्यावर पडलाय. या वेळी मात्र घरातूनच तयारी करून निघालो.

पायरी १ : कुठं वाजणार ते आधी लिहून काढा

पोरीला वही घेऊन बसवलं. तिची यादी अशी : गॅदरिंगच्या डान्सची प्रॅक्टिस गच्चीवर, आंघोळ करताना, अभ्यास करताना हळू आवाजात, आणि पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड ट्रेकला. शेवटच्या ओळीवरून आमचं वाजलं. चालणाऱ्या दुसऱ्या लोकांच्या कानावर आपली गाणी कशाला? दाजीपूरच्या जंगलात तर स्पीकर बॅगेतूनच काढायचा नाही, हे आधीच सांगून टाका.

पण ही यादी पुढचा सगळा निर्णय सोपा करते. नुसत्या टेबलावर वाजणार असेल तर तळहाताएवढा स्पीकर भरपूर झाला. गच्चीवर सहा-सात जणी नाचणार असतील तर अर्ध्या किलोच्या आसपासचा, १० ते २० वॅटचा बघा. खोलीत भिंती आवाज परतवतात, गच्चीवर तो मोकळा निघून जातो. म्हणून घरी दणदणीत वाटलेला स्पीकर गच्चीवर चिमणीसारखा वाटतो. तिथं तो मधोमध न ठेवता कठड्याला लागून ठेवला की बेस जरा भरतो.

पायरी २ : वॅटला भुलू नका

वॅट दुप्पट झाले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल (डेसिबल हे आवाज मोजायचं माप), म्हणजे कानाला ‘जरा वाढला’ एवढंच. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळं १० आणि १४ वॅटच्या स्पीकरमध्ये तेवढ्यासाठी हजार रुपये जास्त मोजायचं काही कारण नाही. जेबीएल गो ३ हा स्पीकर ४.२ वॅटचा आहे, तरी मुलांच्या खोलीला पुरतो. खोक्यावर ‘आरएमएस’ लिहिलेला आकडा तेवढा धरा, ती सलग वाजतानाची खरी ताकद. ‘पीएमपीओ’ म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, तो दिसला तर वाचूच नका.

पायरी ३ : आपल्या फोनवरची गाणी घेऊन जा

ही पायरी चुकवू नका, बाकीच्या एकवेळ चालतील. दुकानातलं गाणं त्या स्पीकरला शोभेल असंच निवडलेलं असतं. गाणी घरूनच डाउनलोड करून न्या, दुकानात नेट दगा देतं. तीन गोष्टी न्या : एक ढोलकीची लावणी, कुणाच्या तरी बोलण्याचं रेकॉर्डिंग, आणि पोरीचं आवडतं गाणं.

राजारामपुरीतल्या एका दुकानात काउंटरवर दोन स्पीकर शेजारी ठेवले. आधी आवाज पाव ठेवला. एकात गाण्याचे शब्द कळत होते, दुसऱ्यात नुसतं घुं-घुं. अभ्यासाच्या वेळी पोरगी याच आवाजात ऐकणार, म्हणून ही परीक्षा पहिली. मग लावणी लावली. दुसरा स्पीकर तसा दणकट, पण ढोलकीची थाप आणि घुमारा एकमेकांत कालवलेला. भाची म्हणाली, “मामा, मी दोन्ही ऐकलो. ह्यात बोटं कळतायत, त्यात नुसताच दणका हाय.” (आमच्या पोरी ‘ऐकलो’च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.)

शेवटी आवाज पूर्ण वाढवा. इथं एक गोष्ट लक्षात असू द्या. लहान डबीतून खोल बेस काढायचा तर पडदा खूप हलवावा लागतो. तो फाटू नये म्हणून बरेच स्पीकर आवाज वाढेल तसा बेस स्वतःच कमी करतात. म्हणून पूर्ण आवाजात गाणं थोडं पातळ वाटलं तर तो दोष नाही. पण गायकाचा आवाज चिरकला किंवा डबी काउंटरवर थरथरत सरकायला लागली तर तो स्पीकर बाजूला ठेवा. काहींच्या कडेला गोल रबरी पडदा उड्या मारताना दिसतो. त्याला वायर नसते, आतल्या हवेच्या दाबानं हलून तो बेसला हात देतो. पोरं त्यावर बोट दाबून बघतात, ते तेवढं थांबवा.

पायरी ४ : गेम खेळून बघा

ब्लूटूथमध्ये फोन आवाज दाबून पाठवतो आणि स्पीकर तो उलगडतो, त्यात सेकंदाचा एक बारीक तुकडा जातो. व्हिडिओचं ॲप बहुतेक वेळा चित्र तेवढं मागं ठेवून जुळवून घेतं. गेमला ते जमत नाही, गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो. पोरगं गेमवालं असेल किंवा घरात कॅसिओ असेल तर ऑक्सची पिन बसणारा, म्हणजे ब्लूटूथशिवाय वायरनंही जोडता येणारा स्पीकर शोधा. नव्या मॉडेलांत ती सोय कमी होत चाललीय.

पायरी ५ : मेमरी कार्डाची खाच बघा

ही माझी आवडती सूचना. परीक्षेच्या दिवसांत फोन आईच्या ताब्यात जातो आणि फोनशिवाय ब्लूटूथ स्पीकर म्हणजे दगड. मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह चालत असेल तर गाणी राहतात, रील जातात. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड घ्या, त्यापेक्षा मोठं स्वस्त स्पीकरला बऱ्याचदा वाचता येत नाही.

पायरी ६ : आयपीचा आकडा वाचा

स्पीकर पाणी आणि धूळ किती सोसतो, ते हा आकडा सांगतो. आयपीएक्स५ म्हणजे पाण्याचे फवारे सोसतो. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. ‘एक्स’च्या जागी ६ असेल, म्हणजे आयपी६७, तर धुळीचीही चाचणी झालीय. आपल्या पावसाला आणि बाथरूमला आयपीएक्स५ पुरतो, ट्रेकच्या बॅगेसाठी ७ बरा. ही चाचणी मात्र साध्या पाण्यातली असते. मालवणला समुद्राचं पाणी लागलं तर गोड्या पाण्यानं धुवा आणि पिनेचं भोक पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

पायरी ७ : बॅटरी आणि बिल

खोक्यावरचे ‘१२ तास’ हे बहुधा निम्म्या आवाजातले असतात, गच्चीवर त्याहून बरेच कमी मिळतात. चार्जिंग टाइप-सीचं घ्या, म्हणजे घरातलीच वायर चालते. माझ्या जुन्या स्पीकरला बारीक पिन होती, पोरगं अंधारात उलटी खुपसायचं.

खोक्यावर बीआयएसची (सरकारच्या भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून दुकानातच तपासता येतो. सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की कुरिअरनं बाहेर पाठवावं लागतं, हेही विचारा. तारखेचं पक्कं बिल घ्याच. दुकानदार पुढं हात वर करायला लागला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, पण बिल नसेल तर बोलणार काय?

पायरी ८ : घरी आल्यावर

शेजाऱ्यांचा विषय पहिल्याच दिवशी काढा. नियमानं निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. आम्ही गच्चीसाठी संध्याकाळी साडेसातपर्यंतची वेळ ठरवली, तेही खालच्या काकूंना विचारून.

उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करायला देऊ नका, बॅटरी तापते. आणि बरेच दिवस वापरणार नसाल तर निम्मा चार्ज करून ठेवा, अगदी रिकामा ठेवला तर बॅटरी खराब होते. परीक्षेत कपाटात ठेवताना असंच ठेव, असं भाचीला सांगायला गेलो, तर म्हणाली, “कपाटात? मी ठेवतोय व्हय!”