ग्रीक पद्धतीच्या कोकराच्या नळ्या: मंद आचेवर, झाकणाखाली

ग्रीसमध्ये कोकराच्या मटणाला ‘आर्नी’ म्हणतात आणि पायाच्या गुडघ्याखालच्या नळीला ‘कोत्सी’. जनावर आयुष्यभर ज्या भागावर उभे राहते आणि चालते, तो हा भाग; त्यामुळे त्यात इतर भागांपेक्षा पांढरे पापुद्रे, शिरा आणि स्नायुबंध यांचा पसारा अधिक असतो. घाईने शिजवला तर तो वातड लागतो आणि धीराने शिजवला तर त्याच चिवट पापुद्र्यांमुळे रश्शाला ओठांना चिकटेल असा दाटपणा येतो. येथे दिलेली कृती ‘कोक्किनिस्तो’ या प्रकाराची आहे. ‘कोक्किनो’ म्हणजे लाल. टोमॅटो, रेड वाइन आणि दालचिनीच्या रश्शात मंद शिजवलेल्या मटणाला ग्रीक घरांत हे नाव आहे.

चार जणांसाठी प्रत्येकी 350 ते 400 ग्रॅम वजनाच्या चार नळ्या घ्याव्यात. मागच्या पायाच्या नळीला मांस अधिक असते, पुढच्या पायाची नळी लहान आणि सडपातळ असते. दोन्ही चालतात, मात्र एका भांड्यात एकाच मापाच्या असाव्यात, नाहीतर दोन शिजून सुटतात तेव्हा उरलेल्या दोन अजून घट्टच असतात. वरची जाड चरबी काढून टाकावी, कारण ती विरघळून रस्सा ओशट करते. मांसाला बिलगलेला पातळ चंदेरी पापुद्रा मात्र सोलत बसू नये. तो पुढे आपोआप विरघळतो आणि तोवर मांस हाडाला धरून ठेवतो. चारही नळ्यांना मिळून 15 ग्रॅम मीठ सगळीकडून चोळावे आणि त्या रात्रभर न झाकता फ्रिजमध्ये ठेवाव्यात. मीठ आतपर्यंत मुरते आणि वरचा भाग कोरडा होतो. हा कोरडेपणा परतताना कामाला येतो.

बाकीचे साहित्य फार नाही: पाच मोठे चमचे ऑलिव्ह तेल, दोन मोठे कांदे, लसणाच्या सहा पाकळ्या, एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, 250 मिलिलिटर रेड वाइन, 400 ग्रॅम पिकलेले टोमॅटो किसून किंवा डब्यातले, पाच सेंटिमीटर लांबीचा दालचिनीचा एक तुकडा, ऑलस्पाइसचे (मिऱ्यासारखा दिसणारा एक मसाला) चार दाणे, दोन लवंगा, लॉरेलची दोन पाने आणि वाळवलेला ओरेगानो. लॉरेलचे पान म्हणजे भूमध्य समुद्राकाठचे, मधोमध एकच ठळक शीर असलेले. ओरेगानोला ग्रीक लोक ‘रिगानी’ म्हणतात आणि तो फुलोऱ्यासकट वाळवलेल्या जुड्यांच्या रूपात ठेवतात. वाइन ग्रीसमधल्या नेमेआ भागातली, आयोर्गितिको जातीच्या द्राक्षांची असेल तर उत्तम, पण कोणतीही कोरडी, गोड नसलेली रेड वाइन चालते. दालचिनीबाबत हात आखडता ठेवावा. जेवणाऱ्याला तिचे अस्तित्व जाणवावे, पण तिचे नाव चटकन सुचू नये, इतकीच ती असावी.

भांडे जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे आणि चार नळ्या एकमेकींना टेकून बसतील एवढ्याच आकाराचे हवे. भांडे मोठे असेल तर नळ्या बुडवायला रस्सा जास्त घालावा लागतो आणि चव पातळ होते. इनॅमलचे बिडाचे भांडे सर्वांत सोयीचे. मातीचेही चालते, मात्र मग मटण वेगळ्या तव्यावर परतून घ्यावे. टोमॅटो आणि वाइन दोन्ही आंबट असल्याने उघड्या ॲल्युमिनियमचे भांडे टाळावे.

शिजवण्याआधी तासभर नळ्या बाहेर काढून कागदाने टिपून घ्याव्यात. तेल चांगले तापले की एका वेळी दोनच नळ्या ठेवाव्यात आणि एकेक बाजू तीन-चार मिनिटे न हलवता परतू द्यावी. चारही एकदम टाकल्या तर तेल थंड पडते, मटणाला पाणी सुटते आणि परतण्याऐवजी ते वाफेवर शिजू लागते. रंग खरपूस तपकिरी यायला हवा. करड्या रंगावर समाधान मानू नये. नळ्या ताटात काढून त्याच तेलात बारीक चिरलेला कांदा मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे परतावा, मग लसूण आणि टोमॅटो पेस्ट घालावी. पेस्टचा लाल रंग गडद विटकरी होईपर्यंत आणि कडेने तेल सुटेपर्यंत परतले की तिचा कच्चा आंबटपणा जातो. आता वाइन ओतून भांड्याच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर लाकडी उलथन्याने खरवडून घ्यावा, कारण रश्शाची अर्धी चव त्या थरातच असते. वाइन निम्मी आटली, तिचा नाकाला झोंबणारा वास गेला, की टोमॅटो, दालचिनी, ऑलस्पाइस, लवंगा, लॉरेलची पाने आणि अर्धा चमचा ओरेगानो घालावा. टोमॅटो फार आंबट असतील तर ग्रीक स्वयंपाकात चिमूटभर साखर घालतात, तीही घालावी.

नळ्या ताटात जमलेल्या रसासकट पुन्हा भांड्यात ठेवाव्यात आणि त्या निम्म्या ते दोन-तृतीयांश बुडतील इतकेच गरम पाणी घालावे. पूर्ण बुडवण्याचा मोह होतो, पण तसे केले तर ते उकडलेले मटण होते. वरचा उघडा भाग झाकणाखालच्या वाफेत शिजतो आणि त्याची चव अधिक गाढ येते. रस्सा जेमतेम उकळू लागला की भांड्याच्या तोंडावर बेकिंगचा कागद ठेवून त्यावर झाकण दाबून बसवावे. ग्रीसमध्ये या कागदाला ‘लादोकोला’ म्हणतात, आणि ‘क्लेफ्तिको’ नावाच्या प्रकारात तर मटण संपूर्णच त्यात बांधून भाजतात. क्लेफ्तिको हे नाव ‘चोर’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. ऑटोमन राजवटीत डोंगरात राहणारे बंडखोर पळवून आणलेले मटण खड्ड्यात पुरून, धूर दिसणार नाही अशा बेताने शिजवत, असे सांगतात. ही कथा बाजूला ठेवली तरी तंत्र तेच आहे: वाफ कोंडावी, आच मंद ठेवावी आणि सारखे झाकण उघडू नये.

ओव्हन 160 अंश सेल्सिअसवर आधी तापवून भांडे आत ठेवावे. दर तासाला एकदा नळ्या उलटाव्यात, म्हणजे वरचा भाग खाली जाईल. अर्ध्या तासाने एकदा डोकावून रस्सा कसा शिजतो आहे ते पाहावे. पृष्ठभागावर इकडे एक, तिकडे एक असे संथ बुडबुडे यायला हवेत. रस्सा खदखदत असेल तर ओव्हन 150 किंवा 140 अंशांवर आणावे. ओव्हन नसेल तर शेगडीवर अगदी बारीक आचेवरही हे जमते, मात्र तळ लागू नये म्हणून लक्ष अधिक द्यावे लागते. प्रेशर कुकरने वेळ वाचतो आणि मांस मऊही होते, पण बंद कुकरात रस्सा आटत नाही आणि नेमके कोणत्या क्षणी थांबावे हे पाहता येत नाही. म्हणून मी तो मार्ग सुचवत नाही.

पहिल्यांदा केले तेव्हा दीड तासाने मी सुरी टोचून पाहिली. मांस सुरुवातीपेक्षाही घट्ट लागले. मटणच जून निघाले असे समजून मी आच वाढवली आणि तासाभराने बाहेरचे धागे कोरडे, सुटे झाले, तर हाडाजवळचा स्नायुबंध रबरासारखाच राहिला. नंतर त्यामागचे कारण समजले. साधारण 60 अंशांपुढे मांसाचे तंतू आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात, म्हणून मधल्या टप्प्यात मांस घट्ट होणे स्वाभाविकच असते. पापुद्र्यांतले कोलॅजन मात्र 70 अंशांपुढे हळूहळू विरघळू लागते आणि मांसाचा गाभा 90 अंशांच्या आसपास बराच वेळ राहिला की त्याचे जिलेटिन होऊन तेच तंतूंना पुन्हा ओलसर, लुसलुशीत करते. आच वाढवून हा वेळ कमी करता येत नाही. दीड तासाला घट्ट लागले तर झाकण पुन्हा लावावे आणि थांबावे.

एकंदर अडीच ते तीन तास लागतात, पण घड्याळापेक्षा हाडाकडे पाहावे. नळीच्या निमुळत्या टोकाकडचे मांस वर सरकून दोन बोटे हाड उघडे पडलेले दिसते. जाड भागात काटा घालून किंचित फिरवला की तो सहज फिरतो, आणि काटा बाहेर काढताना मांस त्याला धरून ठेवत नाही. याच वेळी थांबावे. आणखी अर्धा तास ठेवले तर मांस हाडावरून गळून पडते. चवीला ते वाईट नसते, पण ताटात नळी अखंड येत नाही.

नळ्या हलक्या हाताने काढून झाकून ठेवाव्यात. दालचिनी, लॉरेलची पाने आणि सापडतील ते अख्खे मसाले काढून टाकावेत. वर आलेला चरबीचा तवंग पळीने काढावा, थोडा ठेवला तरी चालेल. मग रस्सा उघड्या भांड्यात आटवून अंगाबरोबर करावा. उलथन्यावर घेतल्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की तो तयार झाला. मीठ आत्ताच चाखून पाहावे, आटण्याआधी नाही. शेवटी अर्धा चमचा ओरेगानो दोन्ही तळहातांत चोळून वरून सोडावा. चोळताच त्याचा उग्र वास उठतो, आणि तीन तास शिजलेल्या रश्शाला नेमकी तीच ताजेपणाची उणीव असते.

वेळ असेल तर हा पदार्थ आदल्या दिवशीच करावा. दोन तासांच्या आत गार करून फ्रिजमध्ये ठेवला की चरबी वर गोठते आणि अख्खी पापडी उचलून काढता येते. दुसऱ्या दिवशी 150 अंशांवर झाकून 40 मिनिटांत तो आतपर्यंत गरम होतो. तीन दिवसांत संपवावा.

लाल रस्सा नको असेल तर टोमॅटो, दालचिनी, ऑलस्पाइस आणि लवंगा वगळून व्हाइट वाइन, जास्त लसूण आणि ओरेगानो वापरावा, शेवटच्या सव्वा तासात बटाट्यांचे मोठे तुकडे घालावेत आणि ओव्हनमधून काढल्यावर दोन लिंबांचा रस पिळावा. हा प्रकार ‘लेमोनातो’. लिंबू आधी घातले तर त्याचा सुगंध उडून जातो.

लाल रश्शाबरोबर मात्र ‘क्रिथाराकी’ला तोड नाही. नावाचा अर्थ ‘बारीक जव’ असा असला तरी हा गव्हाचाच जवाच्या आकाराचा पास्ता आहे. नळ्या काढल्यावर रस्सा न आटवता त्यात गरम पाणी घालून तो सुमारे 900 मिलिलिटर करावा, 300 ग्रॅम क्रिथाराकी घालून 180 अंशांवर 25 मिनिटे ठेवावे आणि मध्ये एकदा तळापासून ढवळावे. नळ्या शेवटची दहा मिनिटे वर मांडाव्यात. याला ‘युवेत्सी’ म्हणतात. दाणे रस पिऊन फुगतात, तरीही वर थोडा रस दिसत असतानाच भांडे बाहेर काढावे, कारण पुढच्या पाच मिनिटांत तेवढाही शोषला जातो. वरून केफालोतिरी किंवा वाळवलेले मिझिथ्रा चीज किसून घालावे. ताटे आधी गरम करून ठेवावीत. कोकराची चरबी गार ताटावर लगेच थिजते.