नमस्कारांची संख्या घटवली, तेव्हा नेम सुधारला

रथसप्तमीला सुरू केलेला सूर्यनमस्कारांचा नेम माझ्याकडून मोडला नव्हता, परंतु तो नासला होता. रोजचे 25 नमस्कार सहा-सात मिनिटांत उरकायचे आणि कॅलेंडरवर फुली मारायची, असा क्रम चार महिने चालला. पुढे मनगटे दुखू लागली, तेव्हा चूक शोधणे भाग पडले.

एके सकाळी आरशासमोर सावकाश एकच नमस्कार घातला. साष्टांग स्थितीत दोन्ही पावले, दोन्ही गुडघे, दोन्ही तळहात, छाती आणि कपाळ अशी आठ अंगे जमिनीला टेकायला हवीत. माझे मात्र पोटच आधी सतरंजीवर आदळत होते. मागे नेलेला पाय पुढे आणताना तो दोन्ही तळहातांच्या मध्ये न येता वीतभर मागे राहत होता आणि उरलेले अंतर मी सगळा भार मनगटांवर टाकून कापत होते.

त्या दिवसापासून मी पाचच नमस्कार ठेवले. तळहातांच्या जागा खडूने फरशीवर आखल्या आणि 'ॐ मित्राय नमः' पासूनचे मंत्र मनातल्या मनात न पुटपुटता स्पष्ट उच्चारू लागले, कारण मंत्र नीट म्हणायचा तर घाई करताच येत नाही. (औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तोही मंत्रांसह.) फुलीऐवजी वहीत एक ओळ लिहिते: आज कोणती स्थिती चुकली. तीन आठवड्यांत मनगटे दुखायची थांबली. आता सूर्याच्या 12 नावांचे 12 नमस्कार घालते. पाय अजून चार बोटे मागे राहतो.