सुट्या पैशांऐवजी यूपीआय वापरताय? मग या चुका टाळा

वीस रुपयांची मेथीची जुडी घेतली तरी हल्ली आपण फोनच पुढे करतो. सोय मोठी आहे. पण व्यवहार अडकला की भुर्दंड बहुतेक वेळा हातावर पोट असलेल्या विक्रेत्याला बसतो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात जास्त वाद होतात ‘माझे पैसे कट झाले’ आणि ‘मला आले नाहीत’ यावरून. स्क्रीनवर ‘पेंडिंग’ दिसतं, मागे रांग असते, आणि माणूस घाईत पुन्हा स्कॅन करतो. थोड्या वेळाने दोन्ही व्यवहार पूर्ण होतात. पेंडिंग म्हणजे फेल नव्हे! अशा वेळी पुन्हा पाठवू नका. रोख द्या आणि व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक दोघांनीही टिपून ठेवा. पैसे नंतर पोचलेच तर रोख परत मागताना तोच कामी येतो. दुकानदाराला रक्कम पोचलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ती पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. तक्रार ॲपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन करा. मिटलं नाही, तर बँकेत लेखी द्या.

विक्रेत्यांनी स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नये. हिरवी टिकखूण दाखवणारी बनावट ॲप्स आहेत. स्पीकर बोलला किंवा स्वतःच्या ॲपमध्ये रक्कम दिसली, तरच पैसे आले. गाडीवरच्या कोडवर कुणी दुसराच स्टिकर चिकटवून जातं, हेही घडतं. म्हणून गिऱ्हाइकाने पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचावं: “मावशी, हे नाव तुमचंच ना?” दोन सेकंदांचं काम आहे.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ‘रिफंड हवाय तर पिन टाका’ म्हणणारा चोरच. फसलात तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उद्यावर ढकलू नका.

चहा-वडापावचे व्यवहार पगाराच्या खात्यातून थेट करणं मला पटत नाही. पासबुक दहा-वीस रुपयांच्या नोंदींनी भरतं आणि बँकेचा सर्व्हर संथ झाला की चहावालाही खोळंबतो. त्यापेक्षा यूपीआय लाइट सुरू करा. त्यात ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात. पैसे फोनमधल्या शिलकीतून जात असल्याने बँकेच्या सर्व्हरमुळे व्यवहार अडकण्याची शक्यता कमी असते. मात्र पिन लागत नाही, म्हणूनच फोनला लॉक हवंच आणि त्यात गरजेपुरतेच पैसे ठेवावेत. फोन बदलण्याआधी किंवा ॲप काढण्याआधी ती शिल्लक खात्यात परत घ्यायला विसरू नका.

साधा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांवर स्मार्टफोन लादायची गरज नाही. त्यांच्यासाठी २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, इंटरनेटशिवाय चालणारं. तेही नको असेल तर त्यांना खुशाल नोटा वापरू द्या.

आणि पाकिटात दहा-वीसच्या चार नोटा असूच द्या. घाटात रेंज जाते, फोनची बॅटरी उतरते, आणि एसटीत मागे उभ्या माणसांनाही तिकीट काढायचं असतं.