मेटल थ्रीडी प्रिंटचा जॉब गुळगुळीत कसा करायचा

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत आता बरेच जण मेटल प्रिंट बाहेरून करून आणतात आणि जॉब (म्हणजे तयार पार्ट) हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला, अहो हा एवढा खरखरीत का? कारण लेझरने पावडर वितळते तेव्हा कडेचे दाणे अर्धवटच वितळतात आणि तसेच चिकटून राहतात, वर थरांच्या पायऱ्या असतातच, त्यामुळे आरए (Ra, म्हणजे खरखरीतपणाचा सरासरी आकडा) साधारण ५ ते १५ मायक्रॉन येणारच, आणि प्रिंट होताना खाली तोंड असलेला फेस (पृष्ठभाग) त्याहून वाईट.

म्हणून फिनिशचा विचार प्रिंटच्या आधी करा. ड्रॉईंगवर खूण करा कुठला फेस खरंच गुळगुळीत लागतो, आणि तो उभा किंवा वर तोंड करून ठेवायला सांगा. बेडपासून (ज्या प्लेटवर प्रिंट होतो तिच्यापासून) ४५ अंशापेक्षा कमी कोनात खालचा भाग आला की सपोर्ट, म्हणजे टेकू, लागतात आणि ते तोडले की तिथे खुंट राहतात. बेअरिंग किंवा ओ-रिंग बसणार तिथे पॉलिशच्या नादी लागूच नका, अर्धा ते एक एमएम अलाउन्स (जादा माल) ठेवून सरळ मशीनिंग करा.

आता क्रम. आधी आतली पावडर पूर्ण झाडून काढा, मग बेडसकट स्ट्रेस रिलीव्हिंग (भट्टीत तापवून आतला ताण घालवणं), मग वायरकटने जॉब बेडपासून कापायचा, मग सपोर्ट काढायचे. आमचा एक मोल्ड इन्सर्ट (साच्यात बसणारा तुकडा) होता, कूलिंग चॅनलमधली पावडर न काढताच भट्टीत गेला, बाहेर आला तेव्हा वळणावर पावडर दगडासारखी बसलेली, तार घातली हवा मारली काही उपयोग नाही, इन्सर्ट भंगारात. तेव्हापासून भट्टीला पाठवायच्या आधी चॅनलमधून हवा आरपार येते का ते मी स्वतः हात लावून बघतो.

पुढे ग्लास बीड ब्लास्टिंग, म्हणजे काचेचे बारीक मणी हवेच्या जोराने मारणं. जॉब एकदम सॅटीन (मऊ, मंद चमकेचा) दिसतो आणि इथेच लोक फसतात, कारण चिकटलेले दाणे जातात पण पायऱ्या जात नाहीत, नख फिरवा लगेच कळेल. पायऱ्या घालवायला सिरॅमिक मीडिया (घासणारे खडे) टाकून व्हायब्रो, म्हणजे थरथरणाऱ्या भांड्यात जॉब घासणं, तास न् तास चालवावं लागतं आणि धारा गोल होतात हे धरून चाला. आतल्या चॅनलला अब्रेसिव्ह फ्लो, म्हणजे पुट्टीसारखा घट्ट, घासणारा मसाला दाबाने आरपार ढकलतात. ३१६ एल स्टेनलेस स्टीलला इलेक्ट्रोपॉलिश (द्रावणात वीज सोडून केलेलं पॉलिश) छान चमक देतं पण सगळ्यात शेवटी, खडबडीत जॉबवर केलं तर नुसता चमकणारा खडबडीत जॉब मिळतो.

टायटॅनियम-ॲल्युमिनियम घासताना मास्क हवाच, आणि त्याची बारीक धूळ पेट घेते म्हणून स्टीलच्या ग्राइंडिंगच्या ठिणग्या त्याच डस्ट कलेक्टरमध्ये कधीही जाऊ देऊ नका, प्लीज.

आरए मोजताना टेस्टर (खरखरीतपणा मोजायचं यंत्र) थरांना आडवा फिरवा, थरांच्या दिशेने फिरवला तर आकडा खोटाच चांगला येतो. आरए २ ते १० मायक्रॉनमध्ये असेल तर कट-ऑफ (टेस्टर एका वेळी किती लांबीचा तुकडा धरून आकडा काढतो ते) २.५ एमएम ठेवा, ०.८ नको, आणि ऑर्डर देतानाच मोजायची दिशा आणि कट-ऑफ हे दोन्ही ड्रॉईंगवर लिहून टाका.